नाटक शिकायला जायचंय? आधी फाइल करा

ठाण्यातली एकांकिका करणारी पोरं तालमीनंतर माझ्यापाशी येतात (मी त्यांच्या प्रयोगांचे लाइट्स करते) आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, ऑडिशनला कुठला उतारा करू?" माझाही उलटा प्रश्न ठरलेला: सर्टिफिकेटं कुठायत?

बहुतेकांची कॉलेजच्या जिमखान्यातल्या कपाटात असतात आणि किल्ली सुट्टीवर गेलेल्या शिपायाकडे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला, म्हणजे एनएसडीला, पदवी तर लागतेच. शिवाय नाटकांत काम केल्याचा पुरावा लागतो. एकांकिका स्पर्धा, राज्य नाट्य स्पर्धा, युवा महोत्सव, जे केलं असेल त्याचं प्रमाणपत्र, नाव छापलेली पत्रिका, पेपरातलं कात्रण, सगळं एका फाइलीत लावा. पत्रिकेत 'पप्पू' आणि आधारवर 'प्रथमेश' असेल, तर दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं संस्थेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. बॅकस्टेजवाल्यांनी तर डोळ्यांत तेल घालून बघावं. आपलं नाव छापायचं हमखास राहतं.

दिल्ली हे एकच दार नाही. एनएसडीचा डिप्लोमा तीन वर्षांचा. कलिन्याला मुंबई विद्यापीठाच्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्समध्ये दोन वर्षांचं एम.ए. करता येतं. पुण्याच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर बी.ए.ला जाता येतं. ठाणे-ऐरोलीच्या पोरांना कलिना घरून जमतं: कुर्ल्याला उतरा, पुढे बस. होस्टेलचा खर्च वाचतो, पण तालमी लांबल्या की शेवटच्या लोकलचा हिशेब डोक्यात ठेवूनच काम करावं लागतं. तरी पहिल्यांदा घर सोडायची धास्ती असेल, तर मी कलिनाच सांगते.

आता उतारा. स्पर्धेत बक्षीस मिळालेली भूमिका तशीच उचलून नेऊ नका. टाळ्यांच्या जागा इतक्या पाठ असतात की पोरगं तिथे थांबतंच. एकमेकांशी अजिबात न जुळणारे दोन उतारे तयार ठेवा. एनएसडीसाठी हिंदी घासा. आपण 'है'ला 'हय' म्हणतो, 'मैं'ला 'मय', 'औरत'ची 'अउरत' करतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, तेव्हाच कळतं. आधी साधं वर्तमानपत्र मोठ्याने वाचा, संवाद नंतर.

पैशांपायी अर्जच न भरणारे बघितले की मला राग येतो. एनएसडीत डिप्लोमाला निवड झालेल्या विद्यार्थ्यांना दरमहा छात्रवृत्ती मिळते. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे: वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. त्यात नाटकही बसतं. मात्र गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षं शिकल्याचं दाखवावं लागतं, म्हणजे उन्हाळी शिबिरांवर भागत नाही. बालनाट्यापासून एकाच संस्थेत असाल, तर तिथल्या सरांकडून वर्षांसकट पत्र घ्या.

विद्यापीठातल्या अभ्यासक्रमांना सरकारी शिष्यवृत्ती आणि फी-सवलतीसाठी महाडीबीटी पोर्टल पाहायचं. तिथे पोरं अडतात ती उत्पन्नाच्या दाखल्याशी. तो तहसीलदार कार्यालयाचा. अर्ज सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून होतो. वडिलांना नोकरीच्या ठिकाणाहून फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कागद) मिळत असेल तर सोपं. रिक्षा किंवा पोळी-भाजी केंद्र असेल तर तलाठ्याचा अहवाल लागतो, आणि तलाठी जागेवर सापडणं हा एक वेगळाच प्रयोग. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा गेल्या वर्षीचा जपून ठेवलेला कागद पुढे करू नका. एप्रिलमध्येच नवीन काढायला टाका. जात प्रमाणपत्र, अधिवास दाखला लागणार असेल तर त्याच फेरीत उरका. बँक खातं स्वतःच्या नावाचं, आधारशी जोडलेलं हवं. आईच्या खात्यात पैसे येत नाहीत.