रास्पबेरी पायला पॉवर बटण लावताय? या चुका टाळा

रास्पबेरी पाय म्हणजे एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर. त्यातल्या पाय ५ या मॉडेलच्या बोर्डावर बटण आहेच. हे लिहितोय पाय ४ आणि त्याआधीचे बोर्ड वापरणाऱ्यांसाठी. त्यांच्याकडे बटण नसतं, घाई मात्र भरपूर असते.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे पॉवरच्या केबलमध्येच स्विच टाकणं. दहा मिनिटांत काम होतं ना! मीही केलं होतं. खोलीचं तापमान दर मिनिटाला नोंदवणारा एक पाय ३ होता. रात्री खट्‌ करून बंद, सकाळी खट्‌ करून चालू. तीन आठवडे काही बिघडलं नाही, म्हणून मी खूश. मग एका सकाळी स्क्रीनवर 'कर्नल पॅनिक', म्हणजे सिस्टिमने हात टेकल्याचा संदेश, आणि पुढे काहीच नाही. मेमरी कार्डावर लिखाण चालू असताना मी वीज तोडली होती. कार्ड दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दुरुस्त केलं, बोर्ड उठला, पण नोंदींची फाइल शून्य बाइटची. बॅकअपचं विचारू नका.

शिवाय हलका स्विच व्होल्टेजही खातो. स्विच आणि केबल मिळून रोध ०.२ ओहम धरा. ३ अँपिअर वाहिले की ०.६ व्होल्ट वाटेतच गेले. अ‍ॅडॉप्टरच्या ५.१ मधले ४.५ उरले, आणि ४.६३ च्या आसपास पाय कमी व्होल्टेजची तक्रार सुरू करतो. लोक मग अ‍ॅडॉप्टर बदलत बसतात.

बटणाने वीज तोडायची नसते, शटडाऊन करायला सांगायचं असतं. बोर्डावरच्या पिन ५ आणि ६ ला दाबून सोडायचं साधं बटण, सेटिंगच्या कॉन्फिग फाइलमध्ये जीपीआयओ-शटडाऊन ओव्हरले (बटण ओळखून शटडाऊन करणारी तयार सोय) चालू करणारी एक ओळ, झालं. बंद झालेला बोर्डही तेच बटण उठवतं. वेगळा रेझिस्टर नको. पाचव्या पिनला १.८ किलोओहमचा पुल-अप, म्हणजे बटण सोडलेलं असताना पिन ३.३ व्होल्टला धरून ठेवणारा रेझिस्टर, बोर्डावरच आहे.

आता पिन मोजणं. जीपीआयओ म्हणजे प्रोसेसरच्या सिग्नलच्या पिना, आणि त्यांचे क्रमांक वेगळे. जीपीआयओ ३ म्हणजे तिसरी पिन नव्हे, पाचवी. आणि बटणाचा कनेक्टर एक घर सरकला तर तो बसतो ३ आणि ४ वर. चौथीवर ५ व्होल्ट, तिसरी थेट प्रोसेसरला, आणि तिला ३.३ च्या वर सोसत नाही. माझा एक पाय झीरो असाच गेला. अंधाऱ्या डब्यात हात घालून, न बघता कनेक्टर खोचला, बटण दाबलं, संपलं. तेव्हापासून वीज जोडण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवतो: एक टोक यूएसबी सॉकेटच्या धातूच्या कवचाला (ते ग्राउंडला जोडलेलं असतं, सहावी पिनही), दुसरं बटणाच्या वायरींना आळीपाळीने. बटण न दाबता एकच वायर वाजली पाहिजे. एकही वाजली नाही तर कनेक्टर काढा. 'एवढं कोण करतं' म्हणणारेच नंतर नवा बोर्ड मागवतात.

चार पायांचं बटण असेल तर कर्णातले दोन पाय घ्या, जोडी चुकतच नाही.

दाबलं की दाबलेलंच राहणारं बटण इथे चालत नाही.

पाचवी पिन आयटूसीची, म्हणजे सेन्सर वगैरे जोडायच्या दोन वायरींच्या पद्धतीची, क्लॉकही आहे. तिथे सेन्सर असेल तर शटडाऊनला दुसरी पिन द्या. मात्र त्या पिनवरून बोर्ड उठणार नाही.

ओळ घातली तरी काही होत नाही? रास्पबेरी पायच्या सिस्टिमच्या बुकवर्म आवृत्तीपासून कॉन्फिग फाइल बूटमधल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली आहे. जुन्या जागी लिहून मला विचारू नका.

आणि शटडाऊननंतर लगेच प्लग ओढू नका. हिरवा दिवा लुकलुकायचा थांबू दे.