पिक्सेल आर्टची कामं वेळेत कशी उरकू लागली

गेमसाठी पिक्सेल आर्ट, म्हणजे एकेक चौकोनी ठिपका भरून केलेली चित्रं, काढताना ‘पात्र पूर्ण करणे’ असं यादीत लिहिलं की ते आठवडाभर तिथेच लोळत पडायचं. आता एका बैठकीत संपेल एवढंच काम लिहितो. उदाहरणार्थ, ३२×३२ पिक्सेलमध्ये नुसती काळी आकृती. ती लांबून ओळखू आली की त्यावर काट! रंग दुसऱ्या दिवशी, तेही आधी ठरवलेल्या १६ रंगांच्या पॅलेटमधूनच. नाहीतर सावलीची एक छटा शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

सगळ्यात जास्त छळलं ते चालण्याच्या अ‍ॅनिमेशनने. त्याचे दोन तुकडे केले: आधी पाय पूर्ण फाकलेल्या दोन फ्रेम, मग पाय एकमेकांजवळून जातानाच्या दोन. एसप्राइट या पिक्सेल आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये ओनियन स्किन चालू ठेवलं की मागची फ्रेम फिकट दिसते. पाय जवळ येताना डोकं एक पिक्सेल वर सरकवलं की चालीत लगेच जान येते. त्यात फ्रेमचा वेळ मुळात १०० मिलिसेकंद असतो, त्याला मी शेवटपर्यंत हात लावत नाही.

मुदत प्रत्येक तुकड्याला वेगळी. उशीर होतोय असं दिसलं तर तारीख पुढे ढकलत नाही, काम छाटतो. पहिली कुऱ्हाड बारीक डिदरिंगवर, म्हणजे दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून मधली छटा भासवण्यावर. खेळण्याच्या गडबडीत ते बघतंय कोण?