लिहायला लागताय? आधी क्रियापदं गोळा करा

बडोद्यातली मराठी मुलं लेखनाबद्दल विचारायला येतात तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच, शब्दसंग्रह कसा वाढवायचा. शाळा गुजराती नाहीतर इंग्लिश मीडियमची, मराठी फक्त घरात, त्यामुळे आपल्याकडे शब्दच कमी आहेत असं त्यांना मनापासून वाटतं. मी इथे बरीच वर्षं मराठी भाषांतर आणि कॉपीरायटिंग करतेय, ज्यांना या लाइनमध्ये यायचंय किंवा नुसतंच बरं लिहायचंय त्यांच्यासाठी माझा अनुभव सांगते.

शब्द कमी नसतात हो. वाचताना कळणारे शब्द भरपूर असतात, लिहायला बसलं की त्यातले थोडेच आठवतात. आणि मग मुलं काय करतात, जड जड नामं आणि विशेषणं पाठ करतात, नयनरम्य, अविस्मरणीय, विदारक वगैरे, आणि निबंधाच्या सवयीने ती सगळीकडे पेरत सुटतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, अर्धं शहर पाण्यात होतं, सोसायट्यांमध्ये मगरी निघाल्या, ते आठवत असेलच. त्यानंतर माझ्या मैत्रिणीच्या मुलीने त्यावर एक लेख लिहिला आणि मला दाखवला. त्यात 'भीषण जलप्रलय' होता, 'सर्वत्र हाहाकार' होता, 'निसर्गाचे रौद्र रूप' होतं, आणि तिच्या स्वतःच्या घरात कमरेएवढं पाणी आलेलं असून त्याबद्दल फक्त एक ओळ, 'आमच्या घराचे खूप नुकसान झाले.' मी तिला म्हटलं अगं बस इथे आणि नुसतं तोंडाने सांग काय काय झालं. ती भडाभडा सांगायला लागली, मावशी आधी बाथरूमच्या जाळीतून पाणी वर आलं, मग दारातून शिरलं, गादी उचलली तर ती निथळत होती, पाणी ओसरल्यावर फरशीवर गाळ बसलेला, खराट्याने खरवडून काढला, भिंतींना ओल धरली आणि महिनाभराने पोपडे सुटायला लागले, तांदळाच्या डब्याला असा कुबट वास की सगळा तांदूळ टाकून दिला. शिरणं, निथळणं, ओसरणं, खरवडणं, हे सगळे शब्द तिच्याकडे होतेच की! फक्त ते 'साहित्यिक' नाहीत म्हणून तिने घरीच ठेवले होते. तेच लिही म्हटलं, आणि दुसऱ्या वेळेस जो लेख आला तो वाचताना मला त्या घरातला वास आला, खरंच सांगते.

म्हणून नवीन माणसाला माझा पहिला सल्ला असतो की क्रियापदं जमवा. स्वयंपाकघरात उभं राहून नुसतं ऐका, आजी परतते, भाजते, उकडते, वाफवते, घोटते, निवडते, पाखडते, आपण लिहिताना सगळ्याला 'बनवते' करून टाकतो. आणि शब्द एकटा लिहून घेऊ नका, त्याच्या जोडीदारासकट घ्या. विरजण लावतात, फोडणी देतात, आधण ठेवतात. नुसतं 'विरजण' माहीत असून वाक्य बनत नाही.

दुसरं म्हणजे कोश. दाते आणि कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ पासून पुढे खंडाखंडाने निघाला, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्याच्याही आधीचा, १८३१ चा, १८५७ ला सुधारून पुन्हा निघाला. दोन्ही आता ऑनलाइन फुकट शोधता येतात. पण त्यात अवघड शब्द शोधत बसू नका, तुम्हाला चांगला माहीत असलेला शब्द काढा. 'पाणी' काढून बघा. पाणी पाजणं, पाणी सोडणं, पाणी जोखणं, पाण्यात पाहणं, अर्धा तास कसा जातो कळत नाही. मला तरी एका साध्या शब्दाच्या अशा वाचनातून जेवढं मिळालं तेवढं पाठांतरातून कधी मिळालं नाही.

भाषांतरात यायचं असेल तर मात्र नियम थोडा उलटा आहे हे आधीच सांगून ठेवते. तिथे एका कागदात 'करार' म्हटलं की शेवटपर्यंत करारच, मध्येच कंत्राट आणि करारनामा केलं की वाचणाऱ्याला वाटतं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या बडोद्याला तर याची मोठी परंपरा आहे, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला, राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगालीत प्रतिशब्द देणारा. एवढी मेहनत कशासाठी, तर ऑफिसातल्या प्रत्येकाने एका गोष्टीला एकच नाव वापरावं म्हणून. मला या कामाचा फार अभिमान वाटतो.

आणि आपल्या बोलण्यात गुजराती येतं त्याची लाज अजिबात बाळगू नका. 'मला माहीत पडलं' असं बडोद्याच्या दांडिया बाजारातला माणूस म्हणत असेल तर गोष्टीत त्याच्या तोंडी तेच राहू दे, त्याला पुण्याचं बोलायला लावलं की तो माणूस खोटा वाटतो. निवेदनात हवं तर 'कळलं' लिहा. दोन्ही येत असतील तर कुठे कुठलं ते तुम्हाला ठरवता येतं, ही आपल्याला मिळालेली जास्तीची सोय आहे.

नवा शब्द मिळाला की त्याच आठवड्यात कुठेतरी वापरा, व्हॉट्सअ‍ॅपवर आत्याला मेसेज लिहिताना वापरला तरी चालेल. जो शब्द मोठ्याने वाचताना तुमच्याच तोंडात अडखळतो तो लेखातून काढा, कितीही आवडता असला तरी. आणि सेंट्रल लायब्ररीत जात असाल तर मराठीच्या कपाटांपाशी जरा वेळ काढा, शेती, स्वयंपाक, सुतारकाम, कशावरचंही जुनं पुस्तक हाताला लागलं तर घरी घेऊन या, कथा-कादंबऱ्यांपेक्षा अशा पुस्तकांत वस्तूंची आणि कामांची नावं जास्त सापडतात.