गाठींच्या प्रेससाठी सोलेनॉइड व्हॉल्व्ह: निवड आणि बिघाडाचा शोध

जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंग-प्रेसिंगमधील हायड्रॉलिक प्रेससाठी सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेच्या कॉइलने तेलाचा मार्ग बदलणारा व्हॉल्व्ह) निवडताना प्रवाह व कमाल दाब आधी पाहावा. पंप स्थिर क्षमतेचा असल्यास मधल्या स्थितीत तेल टाकीत सोडणारा स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकणारा दांडा) घ्यावा, अन्यथा तेल रिलीफ व्हॉल्व्हवरून (जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हवरून) जाऊन विनाकारण तापते, आणि खान्देशच्या उन्हाळ्यात ते परवडत नाही. कॉइल शक्यतो 24 व्होल्ट डीसीची असावी.

रॅम (गाठ दाबणारा दट्ट्या) हलेनासा झाल्यास माणसे दूर करून कॉइलच्या टोकाची मॅन्युअल पिन दाबावी. रॅम हलला, तर दोष बहुधा विजेकडचा असतो, म्हणून कनेक्टरवर व्होल्टेज मोजावे. हलला नाही, तर आधी दाबमापक पाहावा, आणि दाब पुरेसा असेल तर पंप बंद करून, दाब पूर्ण उतरवूनच स्पूलमधला कचरा तपासावा. जळालेली एसी कॉइल नुसती बदलू नये, कारण स्पूल अडकलेलाच राहिला तर नवी कॉइलही जादा करंट ओढून जळते.