फरशीखाली गरम पाणी खेळवताना या चुका टाळा

जर्मनीत घर बांधलं, ते उबदार ठेवायला फरशीखाली गरम पाण्याचे पाइप टाकले, आणि पहिल्याच डिसेंबरात आई सोलापूरहून आली. हॉलभर अनवाणी फिरली, वाकून लादीला तळहात लावला आणि म्हणाली, "अरे, हे तापतंय कुठे? बंद पडलंय बघ." खोलीत 21 अंश होते. बंद काहीच पडलं नव्हतं.

फरशी हाताला गरम लागलीच पाहिजे, हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. चांगलं इन्सुलेशन असलेल्या घरात थंडीच्या दिवसांतही फरशी 24-25 अंशांच्या आसपासच असते. आपला तळहात त्याहून गरम, त्यामुळे लादी कोमट सोडाच, गारच लागते. युरोपातल्या ईएन 1264 या मानकात वावरायच्या जागेसाठी फरशीची कमाल मर्यादाच 29 अंश आहे, बाथरूमसाठी 33. पण हाताला चटका बसेना म्हणून लोक हीट पंपाचं (विजेवर पाणी तापवणाऱ्या यंत्राचं) पाणी 35 वरून 45 अंशांवर नेतात. पाणी एक अंशाने वाढवलं की विजेचा खर्च साधारण अडीच टक्क्यांनी वाढतो, म्हणजे दहा अंशांत बिल पावपट फुगतं. खोलीतला थर्मामीटर बघा आणि गप्प बसा.

रात्री बंद आणि सकाळी चालू, ही गीझरची सवयही इथे चालत नाही. पाइपांवर ओतलेला कोबा साधारण साडेसहा सेंटीमीटर जाड असतो. 20 चौरस मीटरच्या हॉलमध्ये त्याचं वजन अडीच टनांच्या वर जातं. मे महिन्यात सोलापूरची गच्ची रात्री दहालाही पाय ठेवू देत नाही, तसंच हे: तापायला वेळ आणि निवायलाही वेळ. पहाटे सहाला थर्मोस्टॅट (खोलीचं तापमान ठरवायचं बटण) वाढवला तर ऊब नेमकी तुम्ही ऑफिसला गेल्यावर येते. एक आकडा ठरवा. बदलायचाच असेल तर अर्ध्या अंशाने बदला आणि दिवसभर वाट बघा.

आता खरी तक्रार: एकच खोली थंड राहते. इथे बहुतेक जण पंप बदलायच्या गोष्टी करतात. आधी मॅनिफोल्डची पेटी उघडा, म्हणजे जिथून प्रत्येक खोलीच्या पाइपाला पाणी वाटलं जातं ती. प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी एक छोटी पारदर्शक नळी असते आणि तिच्यात मिनिटाला किती लिटर पाणी जातंय ते दिसतं. पाण्याला सोपा रस्ता आवडतो. फरशीखाली बाथरूमच्या पाइपाचं वेटोळं 40 मीटरचं आणि हॉलचं 95 मीटरचं असेल, तर सगळं मोकळं सोडल्यावर पाणी बाथरूमकडेच पळणार. म्हणून आखूड वेटोळी आवळायची आणि लांब वेटोळी मोकळी ठेवायची. आमच्याकडे हॉलला दोन लिटर आणि बाथरूमला एकाच्याही खाली, असं जमलं. हे करताना सगळे थर्मोस्टॅट पूर्ण उघडे ठेवा, नाहीतर मधेच एखादा व्हॉल्व्ह बंद होतो आणि आकडे फसवतात. जर्मनीत हे काम हीटिंगवाल्याने करून त्याचा कागद द्यायचा असतो. तो मागून घ्या.

नळीतला आकडा शून्य असेल, तर त्या पाइपाच्या व्हॉल्व्हवरचं पांढरं डोकं हाताने फिरवून काढा. खाली एक बारीक पिन दिसेल. उन्हाळाभर व्हॉल्व्ह बंद राहिला की ती अडकते. पकडीच्या सपाट बाजूने हलकेच खाली दाबा आणि सोडा, चारपाच वेळा. पकडीने ओढायची मात्र नाही, उपटून हातात आली तर पाण्याचं कारंजं उडतं.

पिनही ठीक असेल तर वायरिंगचा संशय घ्या. आमच्या इलेक्ट्रिशियनने बेडरूम आणि अभ्यासिकेच्या थर्मोस्टॅटच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. बेडरूम गार म्हणून मी तिथला आकडा वाढवत होतो, आणि शेजारी अभ्यासिकेत कुंडीतला कढीपत्ता तरारत होता. हे कळायला सहा आठवडे गेले. एकच थर्मोस्टॅट वाढवायचा, बाकी सगळे बंद ठेवायचे आणि कुठल्या नळीत पाणी हलतं ते बघायचं, एवढी साधी तपासणी होती.

जमिनीवर कायमची गादी घालायची सवय असेल तर तिच्याखालची ऊब तिथेच कोंडते. सतरंजी चालते, जाड रबरी पाठीचा गालिचा नको. जुनं घर विकत घेत असाल तर थोडं पाणी काढून बघा. काळं आलं तर जुन्या प्लास्टिक पाइपांतून ऑक्सिजन आत शिरतोय आणि लोखंडी भाग गंजतायत असं समजा, आणि भाव करताना ते बोलून दाखवा.

बांधकामातल्या चुका मात्र कोब्याखाली गाडल्या जातात, म्हणून त्या वेळी स्वतः उभं राहा. कोबा ओतताना पाइपांत 4 ते 6 बार दाबाचं पाणी हवंच, म्हणजे फावड्याचा घाव बसला की लगेच कळतं. भिंतीलगतची फोमची पट्टी लादी बसवून सांधे भरून होईपर्यंत कापू देऊ नका. घाईत कापली की लादीचा मसाला फटीत शिरून कोबा भिंतीला जखडतो, आणि तापून फुगला की तडकतो. सिमेंटचा कोबा निदान 21 दिवस तसाच ठेवायचा, मग तीन दिवस 25 अंशांचं पाणी, आणि त्यानंतर चार दिवस पूर्ण तापमान. आमचा लादीवाला दहाव्या दिवशीच दारात उभा होता. त्याला चहा पाजून परत पाठवला.

आणि ओतण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, भिंतीपासून मोजपट्टी अंथरून. मी हॉलचे काढले, पण दाराजवळ मजुराची बादली मधे आली होती. त्यामुळे त्या कोपऱ्यात ड्रिल मारायची हिंमत नाही. दाराचा स्टॉपर गोंदाने चिकटवलाय, दर सहा महिन्यांनी निघतो, मी परत चिकटवतो.