फिशटँकसाठी नळाचं पाणी आणि त्यातला अमोनिया: या चुका टाळा

मासे वर येऊन तोंड उघडझाप करून राहिले की आपण पहिले काय करतो, तर अर्धं पाणी बदलतो. बरोबर आहे, पण जे पाणी भरून राहिलो त्याच्यातच माशांना विषारी असलेला अमोनिया असला तर?

माझ्याकडे नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसात, हेच झालं. गोल्डफिशचे कल्ले लालभडक, मी रोज अर्धं पाणी बदलायचो आणि मासे रोज अजून सुस्त. चौथ्या दिवशी टँकचं सोडून सरळ नळाचं पाणी टेस्ट ट्यूबमधे घेतलं, अमोनिया टेस्ट किटचे थेंब टाकले, खिडकीशी पांढऱ्या कागदासमोर धरलं तं पाच मिनिटात पिवळ्याचं हिरवं, म्हणजे अमोनिया नळातच. आमच्या बिल्डिंगमधे बोरचं आणि कॉर्पोरेशनचं पाणी वरच्या एकाच टाकीत जाते आणि बोरच्या बाजूलाच सेप्टिक टँक आहे, हे मला माहीत होतं पण कधी डोक्यातच आलं नाही. खालच्या डायरेक्ट नळाचं पाणी तपासलं, ते पिवळंच राहिलं. तोवर एक मासा गेला होता, त्याचं मला अजून वाईट वाटते.

म्हणून पहिली चूक हीच, टँक तपासायचा आणि नळ तपासायचाच नाही. पाणी कुठून येते ते बघा आणि प्रत्येक नळाचं वेगळं टेस्ट करा.

दुसरी चूक म्हणजे रात्रभर बादलीत ठेवलं की झालं असं समजणं. साधं क्लोरीन एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून 24 तासात उडून जाते, अमोनिया तसा उडत नाही, क्लोरामाइन म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुगही नाही. आणि दुकानातलं स्वस्तातलं अँटीक्लोरीन, म्हणजे हायपो, फक्त क्लोरीन मारते. पाण्यात क्लोरामाइन असेल तर त्याच्यातला अमोनिया उलट मोकळा होऊन तिथंच राहते, त्यामुळे बाटलीवर अमोनियाचं नाव आहे का ते वाचूनच घ्या.

पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली ते, न बघणं तर फारच महागात पडते. टेस्टमधे दिसतो तो एकूण अमोनिया, विषारी त्यातला काहीच भाग. पीएच 7 आणि पाणी 25 अंश असेल तर साधारण 0.6 टक्के, पण पीएच 8 आणि 30 अंश झालं की 7 टक्क्यांच्या वर. आता आपल्याकडे मे महिन्यात वरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल असं येते, बोरचं असलं की पीएचही वर, म्हणजे हिवाळ्यात जे पाणी चालून गेलं तेच उन्हाळ्यात मासे मारू शकते.

नळात 1 पीपीएम (लिटरमागे 1 मिलिग्रॅम) अमोनिया असेल तर अर्धं पाणी बदलल्यावर 0.5 टँकमधे गेलाच, 15 टक्के बदललं तर 0.15, आणि एवढा तर जुना चांगला फिल्टर एका दिवसात खाऊन टाकते. पण त्यासाठी फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका भाऊ, क्लोरीननं त्यातले अमोनिया खाणारे बॅक्टेरिया मरतात, टँकच्याच काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा.

फारच वाढला असेल तर खाणं दोन दिवस बंद, हवा फुल, आणि फिल्टरमधे झिओलाइट, म्हणजे अमोनिया धरून ठेवणारे खडे. फक्त झिओलाइट असताना टँकमधे मीठ टाकू नका, मिठानं त्यानं धरलेला अमोनिया परत पाण्यात सुटते.