भांडण शोधा, पूर्वज सापडतील

तहसील कचेरीत माझी एकतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली नऊ रेकॉर्ड रूममध्ये. दिवसभर लोकांचे आजे-पणजे शोधून द्यायचे, आणि घरी येऊन आईला स्वतःच्या पणजीचं नाव विचारलं तर आई म्हणायची, "अगं, त्यांना सगळे थोरल्या आईच म्हणायचे." नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. निवृत्त झाल्यावर म्हटलं, आता आपला अर्ज आपणच करू.

त्यातच २०२३च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली आणि गावोगाव जुन्या कागदांना एकदम भाव आला. "बाई, तुम्ही रेकॉर्डला होता ना?" म्हणत माणसं दारात यायला लागली. कुणाला दाखल्यापुरता पुरावा हवा असायचा, तर कुणाला सरदार. "आमचे मूळपुरुष पानिपतावर होते" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की तेवढी सगळी माणसं खरंच तिथं असती तर आपण हरलोच नसतो. सरदार शोधायला निघालात तर वाटेत कुणीतरी पैसे घेऊन तुम्हाला सरदार करून देईल. त्यापेक्षा माझं ऐका. घरातलं भांडण शोधा. जो माणूस गुमान जगला आणि गुमान गेला त्याचा कागद क्वचितच उरतो. ज्यानं बांधासाठी, वतनासाठी, वाटणीसाठी तक्रार केली, त्याच्या बापाचं, आज्याचं, भावांचं, कधी बायकोचंही नाव सरकारला लिहून घ्यावं लागलं.

सुरुवात घरातूनच करा. म्हाताऱ्या माणसांना सन विचारू नका. "अमुक कधी वारले?" म्हटलं की "लई वर्षं झाली" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी खुंट्या द्या. कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर? (११ डिसेंबर १९६७.) बहात्तरच्या दुष्काळात होते का? आमच्या कृष्णाकाठी "पत्री सरकारच्या वेळी" म्हटलं की बेचाळीस ते सेहेचाळीस धरायचं. त्याच्या मागची खुंटी म्हणजे मानमोडी, १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ. त्याहीमागे प्लेग, ज्यात गावंच्या गावं उठून माळावर झोपड्या घालून राहिली.

पितृपक्षात कुणाचा म्हाळ कोणत्या तिथीला घालता, तेही लिहून घ्या. तिथी म्हणजे घरात टिकलेली मृत्यूची नोंद. अविधवा नवमीला जिचं श्राद्ध होतं ती बाई नवऱ्याच्या आधी गेली, हे कुठल्याही कागदाविना कळतं. थोरल्या आईंचा म्हाळ आमच्याकडे नवमीला नसतो. म्हणजे पणजोबा आधी गेले, इतकं मला कचेरीची पायरी चढण्याआधीच समजलं होतं.

आता कागद. जमीन असेल, किंवा कधीकाळी होती असं नुसतं ऐकिवात असेल, तरी सातबारा काढा. त्यावर वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार नंबर, म्हणजे जमिनीच्या नोंदीत झालेल्या बदलांचे क्रमांक. लोक क्षेत्र बघतात आणि वर्तुळं सोडून देतात. खरी वंशावळ वर्तुळात आहे. शेवटच्या फेरफारापासून मागे चालायला लागा. खरेदीचे, कर्जबोज्याचे सोडून द्या, वारसाचे धरा. वारस फेरफारात मयताचं नाव, मृत्यूची तारीख, मागे राहिलेली मुलं-मुली-विधवा आणि बहुधा त्यांची वयं असतात. एक वारस फेरफार म्हणजे एक पिढी. जुने फेरफार आता बऱ्याच तालुक्यांचे स्कॅन होऊन महाभूमीच्या संकेतस्थळावर आलेत. नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज करायचा. अर्जावर "जुनं रेकॉर्ड मिळावं" असं मोघम लिहिलंत तर तो तसाच पडून राहील. गाव, सर्व्हे नंबर, फेरफार नंबर, अंदाजे साल लिहा. कारकुनाला गठ्ठा सापडेल असा अर्ज हवा. हे मी कारकून म्हणूनच सांगते.

वाचताना काही शब्द अडतात. "बिन" किंवा "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा. "कोम" म्हणजे अमक्याची बायको. "ए. कु. मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. असं एकाच भावाचं नाव लागलेलं दिसलं तर त्याच्यामागे बाकीचे भाऊ उभे आहेत असं समजा. "अ. पा. क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा लहान आहे आणि त्याच्या वतीनं दुसरं कुणी जमीन सांभाळतंय.

इथंच मी चार महिने घालवले. आडनाव जुन्या नोंदीत असेलच असं नाही, आणि नातवाला आज्याचं नाव ठेवायची आपली रीत. माझे पणजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ, दोघांनाही एकाच आज्याचं नाव. मी "बिन"च्या पुढचा शब्द नीट पाहिलाच नाही आणि चुलत घराण्याची तीन पिढ्यांची वंशावळ मोठ्या हौसेनं मांडली. भावकीला फुकट मिळाली! तेव्हापासून माझा नियम असा की माणसाच्या नावामागे जायचं नाही, जमिनीच्या तुकड्यामागे जायचं. नाव फिरून फिरून येतं, सर्व्हे नंबर तिथंच असतो. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा धागा तुटल्यासारखा वाटतो. कुठला जुना नंबर कुठल्या गटात गेला त्याचा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो.

फेरफाराच्या शेजारचं गाव नमुना सहा-अ मात्र कुणी मागत नाही. ते तक्रारी प्रकरणांचं रजिस्टर. फेरफाराला कुणी हरकत घेतली की त्याची नोंद तिथं होते. माझी पणजी मला तिथं भेटली.

पान मोडी लिपीत होतं, कडा करपल्यासारख्या तपकिरी, मधे शिवणीपाशी वाळवीनं पाडलेलं नागमोडी भोक. साल १९१९. चुलत दिरानं सगळ्या जमिनीला ए. कु. मॅ. म्हणून आपलं नाव लावायला दिलं होतं. त्याखाली वेगळ्या शाईत, माझ्या पणजीची हरकत. नवरा मयत, मुलगा अज्ञान, वय वर्षं तीन, वाटणी पूर्वीच झालेली आहे, सबब मुलाचं नाव लावून मला अ. पा. क. करावं. शेजारी डाव्या अंगठ्याचा ठसा. शाई जास्त लागलेली, ठसा सरकलेला, जोर देऊन दाबल्यासारखा. पुढच्या रकान्यात सर्कल अधिकाऱ्याचा निर्णय. वाटणी शाबीत, बाईची हरकत मंजूर. ज्या थोरल्या आई "कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत" म्हणून घरात सुनांना सांगितल्या जायच्या, त्या ह्या. तेव्हा त्यांचं वय चोवीस. नाव इथं लिहीत नाही, भावकी अजून शेजारीच नांदते आहे. पण नाव नदीचं आहे.

पणजोबा वारीहून आले आणि त्यांनी देह ठेवला, अशी घरची कथा होती. ती तपासायला कोतवाल बुक मागवलं. गाव नमुना चौदा, गावच्या जन्म-मृत्यूचं रजिस्टर. १९१८च्या ऑक्टोबरचं पान उघडलं तर एका पानावर सतरा मृत्यू. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. लिहिणाऱ्यानं शेवटी शेवटी शब्द लिहायचाही सोडून नुसत्या खुणा केल्यात. चौथ्या ओळीत पणजोबा, सहाव्या ओळीत त्यांची आई, दोन दिवसांनी. वारीचं काही नव्हतं.

शाळेचं जनरल रजिस्टर हा तिसरा दरवाजा. जमीन नसलेल्या घराला तर बहुधा पहिलाच. मुख्याध्यापकांना भेटून प्रवेश-निर्गम नोंद मागा. जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. एक जून दिसला की ती गुरुजींनी घातलेली तारीख. डोक्यावरून घेतलेला हात पोराच्या कानाला लागला की सहा वर्षांचा धरून मागे मोजायचे.

इथपर्यंत शंभर-सव्वाशे वर्षं होतात. त्यामागे जाण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं, की १९०० साली तुमचं गाव कुणाच्या राज्यात होतं? आमचा सांगली जिल्हाच मुळी अलीकडचा. १९४९ला दक्षिण सातारा म्हणून निघाला, १९६०ला सांगली झाला. त्यामुळे एका गावाचा कागद साताऱ्याला, तर नदीपलीकडच्या संस्थानी गावाचा तिसरीकडेच. कोल्हापूर संस्थानाचं दप्तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात. मराठवाडा निजामाचा, तिथं उर्दू कागद आणि जमिनीच्या नोंदींचं १९५४चं खासरा पत्रक. नागपूरकडे मिसल बंदोबस्त, म्हणजे जमीन-आकारणीची जुनी नोंद, मागायची. हे न बघता लोक चुकीच्या गावी चकरा मारतात आणि "रेकॉर्ड जळालं" असं ऐकून परत येतात. कधी खरंच जळालेलं असतं. कधी साहेबांना कपाट उघडायचं नसतं. दुसऱ्यांदा वेगळ्या दिवशी जाऊन बघावं.

पेशवाईतला कागद हवा तर पुण्याचं पुरालेखागार, तिथलं पेशवे दप्तर. कागद कापडी रुमालात बांधलेले, आणि रुमाल हजारोंनी. आडनाव सांगून तिथं काही मिळत नाही. परगणा आणि गाव सांगा, आणि आपल्या घराकडे काय होतं ते. पाटीलकी, कुलकर्ण, चौगुलकी, देवाची पूजा, इनाम. ज्याचा वाद त्याचा कागद, हे तिथं तर फारच खरं. "महजर" म्हणजे गोताच्या, भावकी-गावकीच्या, साक्षीनं झालेला निर्णय. "करीना" म्हणजे आपल्या हक्काची पिढ्यान्‌पिढ्यांची हकिकत, अमक्याला अमके लेक, त्यातला धाकटा परागंदा झाला, अशी. करीना सापडला तर एका बैठकीत पाच-सहा पिढ्या मिळू शकतात. फक्त तो आपल्या बाजूनं सांगितलेला असतो हे ध्यानात ठेवून वाचा. समोरच्याचाही शोधा. सही न येणारे निशाणी करत. कुणब्याचा नांगर, बाईची बांगडी. आमच्या गावच्या एका कागदावर खाली ओळीनं सहा नांगर काढलेत, एकही दुसऱ्यासारखा नाही.

त्यासाठी मोडी शिका. मी साठीनंतर शिकले. भारत इतिहास संशोधक मंडळात आणि पुरालेखागारांतून वर्ग होतात. आधी रेघ ओढून तिला अक्षरं लटकवलेली, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पहिले दोन महिने मुंग्या चालल्यासारखं दिसतं. मग एक दिवस त्या मुंग्यांतून आपल्या गावाचं नाव उठून दिसतं आणि पुढचं सोपं होतं.

सालांनी घाबरू नका. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा, फसली ह्या महसुली सालात ५९०. "सुहूर सन" अरबी शब्दांत आणि उलट्या क्रमानं लिहितात. इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, एकूण ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०. हे साल मृगापासून मृगापर्यंत चालतं, म्हणून जानेवारी १७६१ची पानिपतची लढाईही ह्याच सालात. आपला माणूस तिथं होता म्हणणाऱ्यानं निदान हे साल तरी ओळखावं.

कागदाबाहेर दोन माणसं आहेत. एक तीर्थोपाध्याय. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, काशी, गया, जिथं घरचं कुणी श्राद्धाला किंवा अस्थी घेऊन गेलं असेल तिथं. गाव आणि आडनाव सांगा, तुमचे उपाध्ये कोण ते तिथलेच लोक दाखवतात. वहीत आलेल्यानं आपल्या हातानं नावं लिहिलेली असतात. नाशिकला माझ्या आजोबांची सही बघताना मी दक्षिणा द्यायची विसरले, त्यांनीच हळूच आठवण केली. सिंहस्थाच्या वर्षात मात्र जाऊ नका, कुणाला वही उघडायला सवड नसते. हरिद्वारसारख्या ठिकाणच्या बऱ्याच वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च ह्या संकेतस्थळावर फुकट आहेत, पण घरबसल्या चाळायला चिकाटी लागते.

दुसरा हेळवी. कर्नाटकाच्या कडेच्या आमच्या भागात सुगी झाली की तो बैल घेऊन येतो, ओसरीवर बसतो, आणि कानडी हेलात घराण्याची पिढी वाचतो. मागच्या खेपेला मी त्याला पायली जोंधळे आणि धोतरजोडी दिली आणि विचारलं, पणजीचं माहेरचं नाव आहे का? त्यानं पान उलटलं, बोट फिरवलं, आणि म्हणाला, "बाईचं नाव नाही आक्का. कुठल्या गावची, तेवढं हाय."

तेवढंच हवं होतं मला. लग्नात बाईचं नाव बदलतं, माहेरचं नाव तिथंच राहतं, आणि वंशावळ तिच्यापाशी येऊन थांबते. माहेरचं गाव कळलं की मागचा रस्ता उघडतो. तिच्या बापाच्या वारस फेरफारात मुलींची नावं आली असतील तर सासरचं गावही सापडायची शक्यता असते. तुम्ही घरी बसाल तेव्हा प्रत्येक बाईपुढे माहेरचं गाव लिहूनच घ्या, नाव आठवलं नाही तरी चालेल.

हेळव्यानं सांगितलेलं गाव वारणेच्या पलीकडचं निघालं, म्हणजे कोल्हापूर संस्थानातलं. पुढच्या सोमवारी एसटीनं जाणार आहे. अर्ज लिहून ठेवलाय, गाव, अंदाजे साल, सगळं घालून. सर्व्हे नंबरची जागा तेवढी कोरी आहे.